साडूच्या ज्वारीतली सीडी

यंत्र दिसलं की त्याच्या पोटात हात घालायची चांगदेवला खोड होती. घरातला मिक्सर, मिरवणुकीतला डीजे, शेजारच्या मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर, काही म्हणून त्याच्या हातून सुटलं नव्हतं. उघडायला तो एका पायावर तयार असे. परत जोडायची वेळ आली की मात्र त्याला हमखास दुसरं काम आठवे, आणि दोन-तीन स्क्रू नेहमी उरत. "कंपन्यांना जास्तीचे स्क्रू लावायची सवयच असती," असं त्याचं म्हणणं.

भोसरीच्या एका कारखान्यात त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती, तीही मोजमापाच्या विभागात. गाड्यांचे सुटे भाग तापवायचे, थंड करायचे, दाबायचे आणि त्यांना किती सोसतं ते कॉम्प्युटरवर टिपून ठेवायचं, असं काम. मग कंपनीनं तो विभागच नवाकोरा केला. जुनी यंत्रं भंगारात गेली आणि जुनी माणसं स्वेच्छानिवृत्तीत. निरोपाच्या दिवशी चांगदेवनं साहेबाच्या विनवण्या करून आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर भंगारातून सोडवून घेतला आणि राजुरीला मळ्यात येऊन राहिला. "आमी दोघं येकदमच निकामी झालो," असं तो येईल त्याला सांगायचा आणि समोरच्याच्या आधी स्वतःच हसायचा. माणसं उठून गेली की मात्र ओट्यावर बसून राहायचा. सकाळी उठायची घाई नाही, जेवायची शुद्ध नाही. हे तो कुणाला सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याची बायको मोहिनी मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. वस्तीवरच्या बायकांना गोळा करून तिनं गावरान कोंबडीची पिल्लं काढायची पेटी आणली. पेटी कपाटाएवढी, आत अंड्यांचे खण, एक हीटर आणि एक पंखा. उष्णता साडेसदतीस अंशांच्या आसपास राखायची. फार चढली तर अंडी शिजणार, फार उतरली तर आतला जीव विझणार. त्यासाठी पेटीबरोबर थर्मोस्टॅटची एक छोटी डबी आली होती. ती आपोआप हीटर चालूबंद करायची. चांगदेवनं ती पहिल्याच दिवशी उपटून काढली आणि खोलून बघितली, ती पुन्हा जुळली नाही.

"हे खेळनं हाय," तो म्हणाला. "आपल्याकडं कंपनीची सिस्टीम असताना असलं कशाला?"

कंपनीची सिस्टीम म्हणजे तो जुना कॉम्प्युटर, त्यात बसवलेलं एक हिरवं कार्ड आणि चांगदेवनं स्वतः लिहिलेला प्रोग्राम. पेटीतली उष्णता कार्ड आकड्यांत टिपणार, प्रोग्राम ते आकडे वाचून हीटरला हुकूम सोडणार, आणि कार्ड-प्रोग्राम यांच्यात बोलणी करायला मध्ये ड्रायव्हर नावाचं एक सॉफ्टवेअर. पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. चांगदेवला भरून आलं. मग त्यानं पंख्याची दिशा जरा सुधारली आणि त्या खेपेची निम्मीअधिक अंडी वाया गेली.

मोहिनीनं त्रागा केला नाही. दुसऱ्या खेपेला बायकांनी पुन्हा अंडी दिली, ती केवळ तिच्या शब्दावर. शेजारच्या लंकाबाईनं तर आपल्या सगळ्या कोंबड्यांची अंडी पाटीत भरून आणली.

"ही खेप बी गेली तर पेटी मी परत देनार," मोहिनीनं नवऱ्याला सांगितलं. "येवढ्या बायकांनी भरवसा टाकलाय. मंग वस्तीत तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई."

दुसरी खेप अर्ध्यावर आली आणि गेलेली लाइट एका दुपारी अशी काही उसळून आली की कॉम्प्युटरमधून जळका वास सुटला. चांगदेवनं धावत जाऊन कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. बाकी सगळं शाबूत होतं, पण कार्डावर काळा डाग पडला होता. त्यानं ते नाकाशी नेऊन हुंगलं आणि डॉक्टरानं बाहेर येऊन मान हलवावी तशी मान हलवली.

"भिमाजी दाजींच्या दुकानात थर्मोस्टॅटची डबी मिळती," मोहिनी म्हणाली. "तीच आनून लावू का?"

भिमाजी म्हणजे मोहिनीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, चांगदेवचा साडू. घोडेगावात त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्याचं नाव निघताच चांगदेवचं तोंड कडू झालं. भिमाजीच्या मुलीच्या, श्रेयाच्या लग्नात मानाचे टॉवेल-टोपी देताना सगळ्या पाव्हण्यांची नावं माईकवरून पुकारली, ती साडूचं नाव सोडून. चांगदेव न जेवता मांडवातून निघून आला होता आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता खरी गोष्ट अशी की नाव पुकारलं गेलं होतं. पण त्या वेळी माईक बंद होता, कारण त्याची घरघर काढतो म्हणून त्याचा ॲम्प्लिफायर उघडून मांडवामागं बसलेला माणूस चांगदेवच होता. ही गोष्ट सगळ्या मांडवाला ठाऊक होती. चांगदेवलाही थोडीफार असावी, पण रुसवा एकदा धरला की सोडायलाही कुणीतरी बोलवावं लागतं.

"त्याच्या दुकानातलं काय बी माज्या पेटीला लागनार न्हाई," त्यानं निकाल दिला. "मी उद्या पुन्याला जाऊन नवं कार्ड आनतो."

जाण्यापूर्वी त्यानं हीटरच्या वायरीत एक साधं बटण आणि त्यावर लाल दिवा बसवून दिला. थर्मामीटर बघायचा आणि बटण दाबायचं. मोहिनी म्हणाली, जावा तुमी, मी बसते.

पुण्याच्या बाजारात जुन्या कार्डाचं नाव ऐकून दुकानदार हसले. एकानं मात्र त्याच घराण्यातलं, पण पुढच्या पिढीचं कार्ड काढून दिलं. चांगदेव ते रुमालात गुंडाळून घेऊन आला. कार्ड खाचेत असं बसलं की जन्मापासून तिथंच असावं. दिवाही लागला. त्यानं प्रोग्राम सुरू केला, आणि पडद्यावर आलं की उपकरण सापडत नाही.

"आरं समोर तर हाय," चांगदेव पडद्याला म्हणाला.

त्यानं कार्ड काढलं, पुसलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जुना ड्रायव्हर त्या कार्डाला ओळखच देईना. इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर उतरवला, तर तो म्हणे तुमचं विंडोज फार जुनं आहे, मी इथं राहणार नाही. नवं विंडोज टाकावं एवढा त्या कॉम्प्युटरमध्ये जीव नव्हता, आणि टाकलं असतं तरी प्रोग्रामला जुन्या ड्रायव्हरखेरीज कुणाचीच भाषा येत नव्हती. थोडक्यात, जुना ड्रायव्हर कार्डाला ओळखत नव्हता, प्रोग्राम नव्या ड्रायव्हरला ओळखत नव्हता, आणि तिघं मिळून चांगदेवला ओळखत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनी जमवून दिल्या, त्याच्याच घरात ही दशा. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणावं, तर अंगणही त्यानंच सारवलेलं.

बायकांना त्यानं सांगितलं की सिस्टीम सध्या मॅन्युअल मोडवर आहे. म्हणजे कार्डाच्या जागी स्वतः चांगदेव. सकाळी उजाडताच तो आंघोळ करून पेटीसमोर स्टुलावर बसायचा. काटा जरा वर गेला की बटण बंद, लाल दिवा बंद. जरा खाली आला की बटण चालू. दुपारचं जेवण मोहिनी तिथंच आणून द्यायची आणि रात्रीची पाळी स्वतः घ्यायची. गंमत म्हणजे काटा फारसा हलतच नव्हता. चांगदेवला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. एकदा बसल्या बसल्या त्याची चांगली डुलकी लागली. दचकून जागा झाला तर काटा जिथल्या तिथं.

"हाताला वळण लागलंय," त्यानं लंकाबाईला सांगितलं. "झोपेत बी बटन दाबलं जातंय."

"जातंय बाबा," लंकाबाई म्हणाली. "कंपनीची सवय."

पण माणसानं किती दिवस कार्ड होऊन बसायचं? आणि मग स्टुलावर बसूनच त्याला आठवलं. त्या जुन्या ड्रायव्हरची एक अखेरची आवृत्ती निघाली होती. तिला जुन्या प्रोग्रामशी बोलता येई आणि पुढच्या पिढीच्या कार्डाशीही. सासू-सुना दोघींना धरून राहणारं माणूस असतं ना घरात, तशी. बनवणाऱ्यांनी ती पुढं द्यायची बंद केली, इंटरनेटवरूनही काढून टाकली. पण तिची सीडी चांगदेवकडे होती. म्हणजे असायला हवी होती.

ती कुठं गेली हे आठवल्यावर त्याला घाम फुटला. कंपनी सोडून आला त्या हिवाळ्यात, लग्नाच्या रुसव्याआधी, भिमाजी एकदा कुरकुरला होता की ज्वारीत पाखरं लई पडतात. तेव्हा चांगदेवनं आपल्या सगळ्या सीड्या गोणीत भरून त्याच्या दारात नेऊन ओतल्या होत्या. दोरीनं टांगा, उन्हात चमकल्या की पाखरू फिरकत नाही. वर व्याख्यानही दिलं होतं, की साडूभाऊ, आता सीडीचा जमाना संपला, सगळं इंटरनेटवर मिळतं.

जावं तर लागणारच होतं. मोहिनीला त्यानं सांगितलं की घोडेगावला तहसीलमध्ये जरा काम आहे.

"जावा की," ती लगेच म्हणाली. "पेटीची काळजी करू नगा."

आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत मोटारसायकल घोडेगावला पोचेपर्यंत त्यानं मनात तीन-चार बहाणे रचले आणि मोडले. भिमाजी दुकानात नव्हता, रानात होता. रानात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, कणसं भरली होती, आणि ओळींवरून ताणलेल्या दोऱ्यांना शेकडो सीड्या टांगलेल्या होत्या. वारा आला की सगळं रान लखलखायचं. भिमाजी बांधावर उभा होता. साडूला बघून त्याच्या हातातला विळा तसाच राहिला.

"या," तो म्हणाला. "वाट चुकला का काय?"

"न्हाई, सहज. म्हनलं ज्वारी बघावी," चांगदेव म्हणाला.

"बघा की. तुमच्याच सीड्या हायेत."

चांगदेव ज्वारी बघत एका ओळीत शिरला. प्रत्येक सीडीपाशी थांबून ती उलटीसुलटी करू लागला. पहिल्या दहा-बारा लग्नाच्या शूटिंगच्या निघाल्या. मग भजनं, मग तमाशातली गाणी, मग कुणाच्या तरी पोटाची सोनोग्राफी. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस किती वेळ लपवणार? तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी भिमाजी येऊन उभा राहिला.

"साडूभाऊ, काय हुडकताय ते सांगा तरी. दोघं हुडकू."

चांगदेवनं एकदा आभाळाकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड, ड्रायव्हर, अखेरची आवृत्ती, सगळं. भिमाजी ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "अंडी बरी हायेत ना पन?"

"अंडी? येका अंशाचा फरक न्हाई. माज्या हातात हाय ना सगळं."

भिमाजीला ठसका लागला. तो बराच वेळ खोकला, मग डोळे पुसून शेजारच्या ओळीत शिरला.

दोघं साडू कणसांखालून वाकून सीड्या वाचत पुढं सरकत राहिले. मान दुखायला लागली, कानात कुसळं गेली. बोलणं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. श्रेयाला दिवस गेले आहेत हे चांगदेवला त्या रानातच कळलं. शेवटी भिमाजीनंच हाक मारली. रानाच्या पार कोपऱ्यात, बाभळीखाली एक सीडी होती. तिच्यावर चांगदेवच्याच अक्षरात लिहिलं होतं, ड्रायव्हर शेवटचा, जपून ठेवणे. बाभळीच्या सावलीमुळं तिला ऊन लागलं नव्हतं. ऊन नाही म्हणून ती चमकत नव्हती, आणि चमकत नव्हती म्हणून पाखरं नेमकी तिच्यावरच बसत असावीत. तिचा एकूण अवतार तेच सांगत होता.

भिमाजीच्या घरी जेवण झालं. निघताना त्यानं चांगदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाला, "सावकाश जावा."

घरी येताच चांगदेवनं सीडी साबणानं धुतली, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली आणि कॉम्प्युटरच्या तोंडात सरकवली. आतून जात्यासारखी घरघर आली. बराच वेळ काही घडलं नाही. मग एकेक फाइल उतरू लागली. ड्रायव्हर बसला. चांगदेवनं कार्डाची वायर बटणाच्या जागी जोडली आणि प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर आकडा आला, साडेसदतीस. हिरवी रेघ धावू लागली. कंपनीतला तो कोपरा, चहाचा ग्लास, टेबलावरचा पंखा, सगळं एका क्षणात परत आलं. आपण निकामी नाही, असं त्याला त्या वर्षात पहिल्यांदा वाटलं.

आता चाचणी घ्यायची. त्यानं प्रोग्रामला हुकूम दिला, हीटर बंद. लाल दिवा विझला. रेघ खाली यायला हवी होती. ती आली नाही. त्यानं वाट पाहिली. रेघ जरा उतरली, पुन्हा चढली, स्वतःच्या मर्जीनं. हीटर चालू असा हुकूम दिला, तरी तेच. त्यानं ड्रायव्हरला एक शिवी दिली, मग कार्डाला, मग पुण्याच्या दुकानदाराला. त्यानंतर बॅटरी घेतली आणि वायर धरत धरत पेटीच्या मागं गेला.

हीटरची वायर त्याच्या बटणापर्यंत येतच नव्हती. ती पेटीच्या पाठीवर बसवलेल्या एका छोट्या डबीत शिरत होती. बटणाची वायर नुसत्या लाल दिव्याला जोडलेली होती. डबीवर स्टिकर होतं: भिमाजी इलेक्ट्रिकल्स, घोडेगाव.

चांगदेव पेटीमागं तसाच उकिडवा बसून राहिला. सगळं एकदम ध्यानात आलं. तो पुण्याला गेला त्याच दिवशी हे झालं होतं. त्याची डुलकी, त्याच्या हाताचं वळण, मोहिनीच्या रात्रीच्या पाळ्या. भिमाजीचा ठसका. इतके दिवस तो न्हाऊनधुऊन, भांग पाडून, एका लाल दिव्याला ड्युटी देत होता.

तो बाहेर यायला आणि पेटीत पहिला चिवचिवाट व्हायला एकच गाठ पडली. मोहिनी धावत आली, मागोमाग लंकाबाई आणि वस्तीवरच्या बायका आल्या. खण ओढला. कवचाला भोक पाडून एक चोच बाहेर आली होती, पलीकडं दुसरी, तिसरी. ओली, वेंधळी पिल्लं एकमेकांवर पडत होती. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते तसंच वाहू दिलं. बायका हसत होत्या, कुणी हात जोडत होत्या.

"काय दाजी," लंकाबाईनं विचारलं, "कॉम्प्युटरनं काढली म्हनायची का पिल्लं?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. पडद्यावर हिरवी रेघ धावतच होती. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मोहिनी खाली मान घालून पिल्लू पुसत होती, ती काही बोलणार नव्हती हे त्याला दिसत होतं.

"न्हाई," चांगदेव म्हणाला. "भिमाजीच्या डबीनं काढली. मी नुसता लाल दिवा लावत बसलो व्हतो."

कुणी हसलं नाही.

"म्हाईत हाय की," लंकाबाई म्हणाली. "डबी बसवली तवा बॅटरी मीच धरली व्हती."

"मंग बोलला का न्हाई कुनी?"

"काय बोलायचं? मोहिनी म्हनली, ऱ्हाऊ द्या."

बायका आपापल्या टोपल्या आणायला गेल्या. चांगदेव स्टुलावर बसला. बायकोकडं न बघता म्हणाला, "म्हंजे मी नसतो तरी पेटी चाललीच असती."

"पेटी चालली असती," मोहिनी म्हणाली. "तुमी बंद पडला असता. वरीसभर बघत व्हते मी. हितं बसायला लागल्यापास्नं उजाडताना उठत व्हता, चार घास खात व्हता. ते बटन मी कसं काढू?"

चांगदेवला रडू आलं. ते विनोदावर न्यायला त्यानं तोंड उघडलं, पण एकही विनोद सुचला नाही. मोहिनीनं एक पिल्लू त्याच्या ओंजळीत ठेवलं. ते त्याच्या बोटांच्या फटीतून निसटू लागलं.

"नीट धरा," ती म्हणाली. "आन ते वाळलं की दुसरं घ्या. आजून लई हायेत."